गुडघ्यांचं तेल

जानेफळ
३ नोव्हेंबर

प्रिय कुलदीपदादा,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तुझ्या मनात जे येईल त्याचं उत्तर आधी लिहिते. कोणी गेलेलं नाही. माय बरी आहे, बाबा चालतेफिरते आहेत. तू बसून वाच.

तुझा नंबर लागत नाही. वहिनीचा माझ्याकडे आहे, पण जे सांगायचं आहे ते मला तोंडाने सांगता येणार नाही. तुला तर नाहीच, तिलाही नाही. घरात चांगला फोन एकच, त्यावर बाबा सोयाबीनचे भाव बघतात, म्हणून मेसेजही नको. शेवटी वहिनीकडून तुमचा चाकणचा पत्ता मागून घेतला. राखी पाठवायची आहे म्हणाले. राखीपौर्णिमा होऊन गेली हे तिच्या लक्षात आलं असणार. तरी तिने पत्ता दिला. चांगली आहे वहिनी.

दादा, बाबांचं ते दुखणं गेलेलं नाही.

तुम्ही घर सोडलंत त्या दिवशी मी इथे नव्हते, चिखलीला मावशीकडे राहून कॉलेज करत होते. मला जे माहीत आहे ते मायकडून आणि तेही अर्धं. तू तुझ्या मित्राला, शेखरला विचारलंस की चिखलीत लघवीच्या त्रासाचा चांगला डॉक्टर कोण. शेखरने ते चहाच्या हॉटेलात विचारलं. दुसऱ्या दिवशी बाबा हॉटेलात गेले तर हॉटेलवाले शंकरराव सगळ्यांसमोर म्हणाले, "काय कारभारी, टाकीचा वॉल लीक झाला म्हणतात!" आणि बाबांनी घरी येऊन तुला अंगणात चपलेने मारलं, वहिनीसमोर. सकाळच्या जीपने तुम्ही दोघं गेलात. यात काही चुकीचं असेल तर मला कळव. मला चुकीचं धरून ठेवायचं नाही.

तेव्हापासून बाबांनी सगळ्यांना सांगितलं आहे की त्यांचे गुडघे दुखतात. गावाला, पाहुण्यांना, मायला, मला.

आणि दादा, यापेक्षा वाईट खोटं त्यांना सापडलं नसतं. गुडघे दुखतात म्हटल्यावर लोक बसायला देतात. लग्नात मांडवात शिरले की कोणीतरी ओरडतं, "अरे, कारभारीभाऊले खुर्ची द्या रे!" आणि त्यांना बसणंच तर सहन होत नाही. मी बघते ना. आधी एका बाजूला कलतात, मग दुसऱ्या. ओठ आत घेतात. मग कोणाला तरी हाक मारायच्या निमित्ताने उठतात. घरी उभ्यानेच जेवतात, गोठ्यात काम आहे म्हणून. ट्रॅक्टरच्या सीटवर सायकलची ट्यूब हवा भरून ठेवली आहे, वरून पोतं. विचारलं तर म्हणतात, सीट गरम होते.

रोज सांजच्याला माय कोमट तेल घेते आणि त्यांचे गुडघे चोळते. चांगले धडधाकट गुडघे. ते तेवढा वेळ बाजेच्या काठावर बसून राहतात. मी समोर भाकरी थापत असते आणि मला तव्यावरून मान वर करता येत नाही.

तू येऊन त्यांना डॉक्टरकडे ने. एवढंच मागायला पत्र लिहिलं. बापाला अशा ठिकाणी मुलगी कशी नेणार, हे तुलाही कळतं.

तुझी,
जयमाला

*

जानेफळ
२४ नोव्हेंबर

दादा,

तुझं उत्तर नाही. वहिनीचा मेसेज आला, "मिळालं. वाचलं त्यांनी." बस एवढाच. वाचलंस हेही खूप आहे.

आता औषधाचं सांगते. बाबा गेले काही महिने वडनेर भोलजीला जातात. दोन एसट्या बदलून. इतक्या लांब का, तर तिथे आपल्याला ओळखणारं कोणी नाही. तिथे इंद्रभान बुवा म्हणून एक म्हातारे झाडपाल्याचं औषध देतात. पैसे घेत नाहीत, नारळ घेतात. त्यांच्या पुडीचा काढा मी रोज उकळते. गुडघ्यांचा काढा.

मी बी.एस्सी. झाले, वनस्पतिशास्त्र घेऊन. आपल्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. तर पुडीत काय आहे ते मला थोडं कळतं. गोखरूचे काटे ओळखू येतात. एक साल वायवर्णाची असावी. ही दोन्ही लघवीच्या विकारावर देतात, गुडघ्यावर नाही, हे मी पहिल्याच दिवशी ओळखलं आणि गप्प राहिले. शिवाय पळसाची वाळलेली फुलं वेगळी येतात. ती बाबा स्वतः गोठ्यात शिजवतात आणि दार लावून घेतात. नंतर कोमट पाण्याच्या घमेल्यात बसतात असं वाटतं, कारण घमेलं ओलं असतं आणि ते बाहेर येतात तेव्हा त्यांचा चेहरा थोडा सैलावलेला असतो. त्या पाण्याने बरं वाटतं त्यांना. फुलांनी की पाण्याने, ते मला माहीत नाही. पण बरं वाटतं, आणि ते मी खोटं ठरवणार नाही.

मला भीती पुडीतल्या तिसऱ्या वस्तूची आहे. कुटलेली पानं आहेत, ओळखू येत नाहीत. म्हणून चोथा गाळून कागदात बांधला आणि चिखलीला मंजुश्री म्याडमकडे नेला. त्या आयुर्वेदाच्या डॉक्टर आहेत. "एका नातेवाइकाचं आहे," एवढंच म्हणाले. त्यांनी वास घेतला, बोटाने चिवडलं.

"गोखरू आणि वरुण, म्हणजे तुमचा वायवर्ण, ठीक आहे. या पानांचं मी सांगू शकत नाही. ज्यानं दिलं त्याला विचार. आणि जयमाला, वासावरून औषध ओळखता येईल, दुखणं ओळखता येत नाही. गाठ आहे, जंतू आहेत की नुसते स्नायू आखडलेत, हे तपासल्याशिवाय कोणालाच कळत नाही. मलाही नाही."

"काढा बंद करू का?"

"पानं कसली ते कळेपर्यंत देऊ नकोस. आणि थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली, तर मग कोणाला विचारत बसायचं नाही. सरळ दवाखाना."

नेहमीच्या त्रासासाठी त्यांनी चिखलीतल्याच एका मोठ्या डॉक्टरचं नाव दिलं. ते आधी बघतील आणि लागलं तर बुलढाण्याला पाठवतील. वर म्हणाल्या, "सोबत पुरुष माणूस दे. असे पेशंट बायांपुढं तोंड उघडत नाहीत."

मी घरी आले आणि बाबांना विचारलं. नुसतं एवढंच, "बाबा, त्या पुडीत पानं कायची असतात?"

तुला माहीत आहे ना, आपल्याकडे अशा औषधाला टोकत नाहीत. काय आहे, कशाचं आहे, कोणी दिलं, असं तोंडावर विचारलं की गुण जातो. मलाही माहीत होतं. तरी विचारलं, कारण मला वाटलं न विचारणं हे जास्त वाईट आहे.

त्यांच्या हातात पेला होता. त्यांनी तो कढीपत्त्याच्या मुळाशी ओतला. म्हणाले, "झालं. टोकलं तू." आणि गोठ्यात गेले. रागावले नाहीत.

जयमाला

*

जानेफळ
१ डिसेंबर

दादा,

मागच्या पत्रात मी लिहिलं की बाबा रागावले नाहीत. ते खरं नाही. गोठ्याच्या दारातून वळून म्हणाले होते, "पोरगं तसंच निंगालं, आता पोरगीबी तशीच." ते तुला लिहावं की नाही हे मला ठरवता आलं नव्हतं. आता लिहिलं.

आणि तेव्हापासून त्यांचं दुखणं वाढलं आहे. थंडी पडली म्हणून असेल. काढा सुटला म्हणून असेल. मी विज्ञान शिकले आहे, टोकल्याने काही होत नसतं हे मला समजतं. पण ते सकाळी भिंतीला हात लावून उभे असतात तेव्हा मला नाही समजत.

जयमाला

*

जानेफळ
२२ डिसेंबर

कुलदीपदादा,

आज जे लिहिते आहे ते वाचून हसू नकोस. हसलास तरी चालेल, पण पूर्ण वाच.

बाबा परत वडनेरला जाऊन आले. बुवांनी सांगितलं की टोकलेलं औषध पुन्हा चालू करायचं तर नव्या सालीने करायचं, आणि साल आणण्याआधी झाडाला आवतण ज्याने टोकलं त्यानेच द्यायचं. आदल्या सांजेला झाडापाशी जायचं, अक्षता-सुपारी ठेवायची, कोणासाठी आणि कशासाठी नेणार ते झाडाला सांगायचं आणि उद्या ये म्हणायचं. येताजाता वाटेत कोणाशी बोलायचं नाही.

बाबांनी हे मला सरळ सांगितलं नाही. मायला सांगितलं, माझ्यासमोर. "तिले म्हण, जाईन का?"

माय म्हणाली, "कॉलेज शिकलेली पोरगी झाडाले आवतण देईन काय?"

"म्हणूनच विचारून राह्यलो."

मी म्हणाले, "जातो मी." मी का हो म्हणाले ते नीट सांगते. थोडं अपराधीपणाने. थोडं असं वाटलं की मी हे केलं तर ते माझं एक ऐकतील.

आपल्या वावराच्या खालच्या धुऱ्यावर, नाल्याकडे वायवर्णाचं झाड आहे. तू त्याच्या फांद्यांवर डबा टांगायचास ना, तेच. सूर्य टेकला होता. तुरीला शेंगा धरल्या होत्या. मी अक्षता ठेवल्या, सुपारी ठेवली, आणि मग मला कळेना की काय म्हणायचं. आधी मनातल्या मनात म्हणून पाहिलं, तर वाटलं की हे धरलं जाणार नाही, ठरल्याप्रमाणे झालं पाहिजे. मला अर्धवट करता येत नाही, तुला माहीत आहे.

म्हणून मी मोठ्याने बोलले. म्हटलं, माझे वडील कारभारी. त्यांना लघवी करताना आग होते. बसण्याच्या जागी, दोन मांड्यांच्या मध्ये दुखतं. कितीतरी दिवसांपासून दुखतं. त्यांना खुर्चीवर बसता येत नाही आणि लोक त्यांना बसवतात. ते आम्हाला गुडघे म्हणून सांगतात. तुला त्यांच्यासाठी नेणार आहे, उद्या ये.

दादा, तोंडाने मी हे आयुष्यात पहिल्यांदा बोलले. आणि बोलताना काहीच झालं नाही. झाड होतं, वारा होता. मला इतकं हलकं वाटलं की मी तेच पुन्हा एकदा म्हटलं.

मग वळले तर बाबा धुऱ्याच्या बांधावर उभे होते.

पोरगी सांजवेळी एकटी नाल्याकडे गेली म्हणून ते मागून आले होते, राखणीला. किती वेळ उभे होते ते मी विचारलं नाही. हातात माझी शाल होती. मला शाल दिली आणि पुढे चालू लागले. मी म्हटलं, "बाबा..."

ते वळले नाहीत. म्हणाले, "वाटेनं बोलायचं नसते."

घरापर्यंत आम्ही तसेच आलो. ते पुढे, मी मागे. ते पाय थोडे फाकवून चालतात आता, हे मी मागून पाहिलं. रोज समोरून दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साल मीच आणली. काढा उकळला. त्यांनी घेतला. मंजुश्री म्याडमने पानं देऊ नको म्हटलं होतं, म्हणून पुडीतली पानं मी आधी चाळून काढली होती. ते त्यांना सांगितलं नाही. म्हणजे आता त्यांच्या खोट्यावर माझंही एक खोटं आहे.

तू ये ना.

जयमाला

*

जानेफळ
६ जानेवारी

दादा,

हे शेवटचं पत्र समज. रुसून नाही म्हणत. यानंतर माझ्याकडे लिहायला काही उरणार नाही.

मागच्या आठवड्यात बाबा आपण होऊन म्हणाले, "चिखलीच्या डाक्टरले दाखवू म्हणतो. गुडघ्याचं. तू चाल संगं." मायने माझ्याकडे पाहिलं, मी मायकडे. गुडघे म्हणाले तरी चालतील, मला वाटलं, एकदा आत जाऊ दे.

मी घरूनच एक चिठ्ठी लिहून नेली होती. सगळं स्वच्छ, मुद्देसूद. काय होतं, कधीपासून, कोणता काढा घेतात. विचार असा की बाबांना काही बोलायला लागू नये आणि मलाही. पण दवाखान्याच्या दारात कंपाउंडर बसतो. तो हातातले कागद घेतो आणि बघून ओरडतो, "शुगरवाले इकडं! खोकलेवाले तिकडं! लघवीचे कोण हाय, बाटली घेऊन जा!" आख्खी ओळ त्या माणसाकडे बघते. मी चिठ्ठी पर्समध्ये परत ठेवली.

आमचा नंबर आला. आत डॉक्टर एकटे नव्हते. तिथे बाकावर पुढचे पेशंट आणून बसवतात, म्हणजे वेळ जात नाही. बाकावर शंकरराव होते. हॉटेलवाले तेच, बीपी दाखवायला आले होते. आम्हाला पाहून खूश झाले. "या, या कारभारी! बसा, गुडघ्याचं माणूस उभं काऊन?" आणि सरकून जागा केली. बाबा बसले. दादा, बसले ते.

डॉक्टर चांगले होते. वर बघून विचारलं, "काय होतंय बाबा?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी आतापर्यंत माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "तू सांग. मले नाही सांगता येत."

झाडासमोर बोललेलं त्यांनी ऐकलं होतं म्हणून मला आणलं होतं. मी बोलू शकते हे त्यांना माहीत होतं. त्यांनी एवढं केलं, दादा. इथपर्यंत आले. आता फक्त मी तोंड उघडायचं होतं. शब्द मला पाठ होते, आणि माझ्या पर्समध्ये लिहिलेलेही होते.

शंकरराव ऐकत होते. मान थोडी पुढे काढून.

मी म्हणाले, "गुडघे दुखतात."

डॉक्टरांनी बाबांना टेबलावर बसवलं, पाय वरखाली केले, कटकट वाजतं का बघितलं. म्हणाले, वयाच्या मानाने छान आहेत गुडघे. गोळ्या दिल्या, एक तेल लिहून दिलं आणि म्हणाले, "खाली बसू नका. खुर्चीवर बसत जा."

मी डॉक्टरांना विचारणार होते की बाकावरच्यांना बाहेर पाठवता का. पण ते वाक्यही शंकररावांसमोर म्हणणं म्हणजे सांगितल्यासारखंच होतं. बाहेर आल्यावर म्हटलं, बाबा, परत आत जाऊ, मी एकटी जाते. ते म्हणाले, "राहू दे. चांगलं केलं तू." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

तो हात अजून तिथेच आहे असं वाटतं. मी कधी त्यांना इतकं फसवलं नव्हतं आणि त्यांनी कधी मला इतकं चांगलं म्हटलं नव्हतं.

एसटीत एका पोराने जागा दिली. बाबा नको म्हणाले. कंडक्टर म्हणाला, बसा ना, गुडघ्याचं तेल दिसून राह्यलं तुमच्या पिशवीत. मग बसले. जानेफळ येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते.

घरी मायला तेलाची बाटली दिली. तिने झाकण उघडून वास घेतला आणि मला चुलीजवळ बोलावलं. म्हणाली, "नाही सांगितलं ना तुम्ही?"

मी चुलीत लाकूड सारलं.

"मले समजत नाही का व? गुडघे नाहीत ते. पहिल्या दिवसापासून ठाऊक हाय."

"मग रोज कायले चोळतं तू?"

तिने तेल वाटीत ओतलं, निखाऱ्यावर धरलं. "जिथं दुखते तिथं हात लावू देत नाही तो माणूस. जिथं लावू देते तिथं लावतो मी."

आणि गेली त्यांच्याकडे. बाजेच्या काठावर ते बसले होतेच.

दादा, आता ते बाथरूममध्ये फार वेळ लावतात. पाण्याचा नळ सोडून ठेवतात, पण नळाखालचं मला ऐकू येतं, थेंब आणि मग काही नाही आणि मग थेंब. परवा पूर्ण अडलं होतं असं वाटतं. तासाभराने बाहेर आले तेव्हा बनियन घामाने भिजलं होतं, या थंडीत. मी बाहेर उभी होते, तर म्हणाले, "गुडघा लचकला." मी म्हटलं, हो.

मंजुश्री म्याडमने काय सांगितलं होतं ते मला आठवतं. अडलं तर कोणाला विचारत बसू नको. मी विचारत बसले नाही, मी दवाखान्यातही नेलं नाही. मी हो म्हटलं. पुन्हा तसं झालं तर मी निवृत्तीकाकांची जीप बोलावून त्यांना त्यात बसवीन, एवढं मी माझ्याशी ठरवलं आहे. पण जीपमधून उतरल्यावर कोणीतरी विचारणार, काय होतंय? आणि माझ्या तोंडातून काय निघेल याची मला आता खात्री नाही.

माय ते बोलणार नाही. बाबा बोलणार नाहीत. मी झाडाला सांगू शकते आणि तुला कागदावर लिहू शकते. आपल्या घरात ते माणसासमोर, तोंडाने बोललेला तू एकटाच आहेस. त्यासाठीच तुला मारलं. ते चुकीचं होतं, आणि हे मला आता कळलं असं नाही, तेव्हाही कळत होतं.

पुण्याहून मेहकरला गाड्या आहेत. मेहकरहून जीप मिळते. अंगणात आलास तर बाबा काय करतील ते मला माहीत नाही. कदाचित तोंड फिरवतील. कदाचित पुन्हा चप्पल काढतील. काढू दे. उभ्याउभ्या मार खाऊन घे, आणि मग सगळ्यांसमोर, शंकरराव असले तरी, मोठ्याने विचार की बाबा, लघवीला कसं होतं.

तुझी,
जयमाला